केले तेच कान धरते : यिर्मयाच्या एका वचनाविषयी

यिर्मयाच्या ग्रंथातले दुसऱ्या अध्यायाचे एकोणिसावे वचन एका श्वासात वाचून होते. त्याचा आशय असा : तू जे वाईट केलेस तेच तुला वळण लावील, तू देवाकडे पाठ फिरवलीस, ती फिरवलेली पाठच तुला बोल लावील, आपल्या देवाला टाकणे किती कडू असते, हे आता तुझे तूच बघून घे. या वचनात आकाशातून अग्नी पडत नाही, देवदूत तलवार उपसत नाही, नरकाचे नावही निघत नाही. शिक्षा द्यायला बाहेरून कोणी येतच नाही. केलेले कृत्यच मागे वळते आणि करणाऱ्याचा कान धरते.

पाप आणि देवविमुखता यांवर पवित्र शास्त्रात वचनांना तोटा नाही. होशेयाने रंगवलेली घर सोडून गेलेली पत्नी आहे, यशयाच्या पहिल्याच अध्यायातली बापाला न ओळखणारी लेकरे आहेत, मनातल्या मनात देवाला नाकारणारा स्तोत्रसंहितेतला मूर्ख आहे. त्या सगळ्यांतून हेच एक वचन निवडून त्यावर पुस्तकभर थांबण्याचे कारण असे की, इतरत्र पापाचा हिशेब बहुधा देव मांडतो. इथे तो पापाच्या पोटातच मांडलेला आहे. हा विचार खोल आहे आणि तितकाच धोक्याचाही. आधीच पिचलेल्या माणसाला ‘हे तुझ्याच करणीचे फळ’ असे सुनावायला हे वचन फार सोयीचे पडते. ते मुळात कोणी, कोणाला आणि कशावरून ऐकवले हे विसरले की त्याचा अर्थ पार उलटा होतो. माझ्या मते या वचनाच्या वाचनातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि या पुस्तकातल्या पुढच्या सगळ्या लेखांना जोडणारा धागाही हाच.

यिर्मया अनाथोथचा. यरुशलेमच्या ईशान्येला, तासा-सव्वा तासाच्या चालीवरचे हे याजकांचे गाव. शलमोनाने अब्याथाराला याजकपदावरून काढून इथेच धाडले होते. योशीया राजाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२७ मध्ये, यिर्मयाला बोलावणे आले. उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य त्याच्या शंभरेक वर्षे आधी, ७२२ च्या सुमारास, अश्शूरने पुसून टाकले होते. उरले होते डोंगराळ, चिमुकले यहूदा. एकीकडे मिसर, दुसरीकडे अश्शूर आणि त्याच्यामागून चढत येणारे बाबेल. ६१२ मध्ये निनवे पडले. ६०९ मध्ये योशीया मगिद्दोला मिसरच्या फारोशी लढताना मारला गेला. ६०५ मध्ये कर्कमीशला बाबेलने मिसरचे कंबरडे मोडले. या धामधुमीत यहूदाचे राजे आज एकाच्या दारात, तर उद्या दुसऱ्याच्या.

आपल्या वचनाच्या अगदी आधीचे, अठरावे वचन नेमके यावरच बोट ठेवते. नाईलचे पाणी प्यायला मिसरची वाट कशाला धरतोस, फरातचे पाणी प्यायला अश्शूरकडे कशाला जातोस, असे ते विचारते. अंगणातल्या प्रार्थनासभेत हे वचन वेगळे काढून वाचले जाते तेव्हा हा प्रश्न गळून जातो, आणि मग देवविमुखता म्हणजे उपासनेला दांडी मारणे, व्यसन, फार तर मूर्तिपूजा एवढाच अर्थ हाती राहतो. मूर्तिपूजेचा विषय यिर्मयाच्या बोलण्यात आहेच. बआलाचे नाव तो वारंवार घेतो. पण इथे त्याच्या डोळ्यांसमोर परराष्ट्रधोरणही आहे. आपला जीव सांभाळण्यासाठी बलाढ्याच्या पायाशी जाऊन बसणे, तो पडला की दुसरा बलाढ्य शोधणे, आणि या खटाटोपात ज्याच्याशी करार केला त्या देवाला विसरणे, ही त्याच्या मते पाठ फिरवण्याचीच रीत.

याच अध्यायात थोडे आधी, तेराव्या वचनात, पाण्याचे ते प्रसिद्ध चित्र येते. लोकांनी दोन अपराध केले : वाहत्या, जिवंत पाण्याचा झरा सोडला, आणि स्वतःसाठी हौद खोदले, तेही पाणी न धरणारे, फुटके. यरुशलेमच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नव्हते. शहराच्या पूर्वेच्या उतारावर गीहोनचा झरा होता. हिज्कीया राजाने आठव्या शतकाच्या अखेरीस सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खडकातून कोरून त्याचे पाणी तटाच्या आत, शिलोहाच्या तळ्यात आणले होते. बाकी डोंगराळ मुलखात घरोघरी पावसाळी पाणी साठवायचे हौद असत. ते खडक फोडून करायचे. तोंड अरुंद, पोट मोठे. आपल्या गडांवरची टाकी काळ्या पाषाणात कोरलेली आहेत, यहूदाचा खडक मात्र चुनखडीचा. त्याला भेगा पडतात, पाणी झिरपून जाते. म्हणून आतून चुन्याचा गिलावा द्यायचा, तो उडाला की पुन्हा द्यायचा. गिलाव्याला तडा गेला तर ते वरून कोणाला दिसत नाही. हिवाळ्यातल्या पावसात हौद भरलेला दिसतो, आणि उन्हाळ्यात पोहरा सोडला की तळाचा गाळ वर येतो. हौद कोरड्या पडलेल्या माणसाला वेगळी शिक्षा द्यायला कोणी यावे लागत नाही. एकोणिसाव्या वचनातला कडूपणा हा त्या गाळाच्या चवीचा आहे. हे तेरावे वचन मनात धरून एकोणिसावे वाचले, तर सूड घेणारा देव त्यात सापडत नाही. सोडून दिलेल्या झऱ्याचे दुःख सापडते.

आता ‘तू’ कोण? आठव्या वचनात याजक, शास्त्र हाताळणारे, राज्यकर्ते आणि संदेष्टे यांची नावे घेतली आहेत. सव्विसाव्यात राजे, सरदार, याजक, संदेष्टे. चौतिसाव्यात त्यांच्या वस्त्रांना निरपराध गरिबांचे रक्त लागल्याचे सांगितले आहे. बाविसाव्या अध्यायात यहोयाकीम राजाच्या वाड्याचे वर्णन येते : प्रशस्त माड्या, गंधसरूच्या लाकडाची तक्तपोशी, हिंगुळाचा तांबडा रंग, आणि मजुरांना मजुरी न देता करून घेतलेले काम. सातव्या अध्यायात हेच लोक मंदिराच्या दारात उभे राहून देवाच्या मंदिराचा घोष करताना दिसतात. मंदिर रिकामे नव्हते. धूप जळत होता, यज्ञ चालू होते, सणवार पाळले जात होते. देवाकडे पाठ फिरवली गेली ती भरलेल्या मंदिरात, भक्तांकडून आणि त्यातही ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांच्याकडून.

याचा सगळ्यात ठसठशीत दाखला चौतिसाव्या अध्यायात आहे, आणि प्रवचनांत त्याची फार कमी आठवण निघते म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. इ.स.पू. ५८८ च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातला. भ्यालेल्या सिद्कीया राजाने आणि नगरातल्या धनिकांनी देवापुढे करार केला की आपापल्या इब्री दासदासींना मुक्त करू. वासरू कापून त्याच्या दोन भागांमधून चालत जाऊन शपथ वाहिली, आणि खरोखरच त्यांना मोकळे केले. इतक्यात मिसरची फौज निघाल्याची बातमी आली, बाबेलने तात्पुरता वेढा उठवला. संकट टळले असे वाटताच त्या धन्यांनी काय करावे? सोडलेल्या दासदासींना पुन्हा धरून आणले आणि पुन्हा जुंपले. यिर्मया या कृत्याला देवाच्या नावाला कलंक लावणे म्हणतो. मग तो सांगतो की तुम्ही आपल्या भावांना स्वातंत्र्य दिले नाही, तेव्हा आता तुम्हाला एक स्वातंत्र्य मिळेल : तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्या तावडीत जाण्याचे. बाबेलचे सैन्य परतले. ५८६ मध्ये शहर आणि मंदिर जळाले. वाईटपणाच वळण लावतो हे दुसऱ्या अध्यायातले विधान इथे घडलेल्या गोष्टीच्या रूपात भेटते.

हा काळ बायबलबाहेरही लख्ख दिसतो. याच चौतिसाव्या अध्यायात यहूदाच्या तटबंदीच्या नगरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरल्याचा उल्लेख आहे. १९३५ मध्ये पुरातत्त्वज्ञ स्टार्की यांच्या उत्खननात लाखीशच्या वेशीपाशी खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे मिळाली. त्यांतल्या एकात चौकीवरचा माणूस कळवतो की लाखीशच्या खुणेच्या जाळाकडे आम्ही लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही. इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेम शरण गेल्याची नोंद बाबेलच्या मातीच्या पाटीवर आहे. ती ब्रिटिश म्युझियममध्ये असून डोनाल्ड वाइझमन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. १९८२ मध्ये दावीदनगराच्या उत्खननात शाफानपुत्र गमऱ्याचे नाव असलेला मातीचा शिक्का सापडला. छत्तिसाव्या अध्यायात याच नावाच्या अधिकाऱ्याच्या दालनात यिर्मयाचा लेखनिक बारूख याने त्याची गुंडाळी वाचली होती. पुढे ती गुंडाळी यहोयाकीमापुढे गेली. थंडीचे दिवस, शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापून विस्तवात टाकी. यिर्मयाने बारूखाला पुन्हा सगळे सांगितले, शिवाय भरही घातली. आपल्या हातातला ग्रंथ अशा जळून पुन्हा लिहिल्या गेलेल्या मजकुरातून वाढला आहे. त्याचे ग्रीक भाषांतर हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक-अष्टमांशाने लहान आहे, आणि कुमरानच्या गुहेतल्या काही हिब्रू तुकड्यांमुळे तो लहान पाठही मुळात हिब्रूतच होता असे मानायला भक्कम आधार मिळाला.

वचनाच्या अर्थाची परंपराही तितकीच लांब आहे. यहुदी सभास्थानात मंदिराच्या विध्वंसाच्या उपवासाआधीच्या तीन शब्बाथांना खरडपट्टीचे तीन उतारे वाचतात. त्यांतला दुसरा यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायाचा, आणि आपले वचन त्यात येते. लक्षात घेण्यासारखे असे की तो उतारा दोषारोपावर थांबवत नाहीत. अश्कनाझी प्रथेत तिसऱ्या अध्यायातले एक वचन आणि सेफार्दी प्रथेत चौथ्यातली पहिली दोन, परत येण्याची, त्याला जोडतात. मराठी बोलणाऱ्या आपल्या बेने इस्राएली समाजात हा उपवास ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई, वालाच्या बिरड्यांवरून. याच समाजातल्या सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत सभास्थान बांधले, त्याला नाव दिले ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. या वचनाचा मराठी मुलखाशी संबंध मिशनऱ्यांपासून सुरू होतो असे समजणाऱ्यांनी कोकणातल्या या ‘शनवार तेल्यां’कडे, म्हणजे शनिवार पाळणाऱ्या तेल्यांकडे, जरूर पाहावे.

ख्रिस्ती परंपरेत तिसऱ्या शतकात कैसरियात ओरिगेनने यिर्मयावर दिलेली प्रवचने आजही वाचता येतात. पापी माणूस आपल्याच अग्नीचे सरपण गोळा करतो हा विचार त्याने अन्यत्र मांडला. ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’मध्ये विस्कटलेले मन हीच त्या मनाची शिक्षा असे म्हटले, आणि पश्चिमेकडच्या ख्रिस्ती मनावर तो विचार कायमचा कोरला गेला. जेरोमचे यिर्मयावरचे भाष्य बत्तिसाव्या अध्यायाशी अपुरे राहिले. कॅल्विनची व्याख्याने १५६३ मध्ये छापली गेली. या सगळ्यांत एक गोष्ट हळूहळू घडली : यिर्मयाने राष्ट्राला ऐकवलेले वचन एकेका आत्म्याचे झाले. त्यातून आत्मपरीक्षणाची मोठी साधना उभी राहिली, पण विनामजुरी राबवलेले मजूर आणि परत धरून आणलेले दास नजरेआड गेले. हा तोटा मला मोठा वाटतो.

आधुनिक अभ्यासात १९५५ हे वर्ष महत्त्वाचे. क्लाउस कोख या जर्मन अभ्यासकाने त्या वर्षी विचारले की जुन्या करारात ‘देव शिक्षा देतो’ अशी कल्पना आहे तरी का? त्याच्या मते कृत्य आणि फळ यांचा सांधा कृत्यातच असतो. देवाचे काम सुईणीचे, जे पोटात आहे ते जन्माला घालण्याचे. आपले वचन या मताला अगदी जवळचे. पॅट्रिक मिलर यांनी १९८२ मध्ये त्याला उत्तर दिले : संदेष्ट्यांच्या बोलण्यात पाप आणि परिणाम जुळतात ते यंत्रासारखे नव्हे, देव न्यायाधीश म्हणून ते जुळवतो. दोघांचेही खरे आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. एकोणिसाव्या वचनापुरते मी कोख यांच्या बाजूला आहे, दासांच्या अध्यायात मात्र मिलर यांच्या. खुद्द यिर्मयाच हाताला लागतो का, यावरही वाद आहे. योगायोगाने १९८६ या एकाच वर्षी हॉलाडे, कॅरल आणि मकेन यांची यिर्मयावरची भाष्ये आली. हॉलाडे प्रत्येक ओळीला यिर्मयाच्या आयुष्यातली जागा शोधतात, कॅरल ती शोधता येतच नाही म्हणतात. अब्राहम हेशेल यांनी १९६२ मध्ये संदेष्ट्याच्या तोंडून बोलणारा देव दुखावलेला आहे, तटस्थ नाही, हे दाखवले. रेनिटा वीम्स यांनी १९९५ मध्ये एक अवघड प्रश्न विचारला : दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायांत राष्ट्राला बदफैली पत्नी आणि देवाला नवरा केले आहे, मारहाण सोसणाऱ्या बाईने हे कसे वाचावे? या प्रश्नाला बगल देऊन यिर्मया शिकवू नये, असे मला ठामपणे वाटते.

मराठीत जुन्या कराराच्या कथा सतराव्या शतकाच्या आरंभीच आल्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्याचा पहिला भाग जुन्या करारावर, ओवीबद्ध. विल्यम केरी यांनी सेरामपूरहून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. पण या वचनाच्या संदर्भात मला सर्वांत जास्त ओढ आहे ती पंडिता रमाबाईंची. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल साध्या माणसाला कळेल अशा मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते केडगावला मुक्तिसदनातल्या स्त्रियांच्या हातून छापून निघाले. समाजाने ज्यांच्या दुःखाला त्यांचेच पाप म्हटले होते, त्या बायकांनी पापावरची ही वचने खिळ्याखिळ्याने जुळवली.

इथेच आजचा प्रश्न सुरू होतो. मराठी वाचकाला हे वचन कानावर पडताच ‘करावे तसे भरावे’ आठवते, आणि त्यामागोमाग पूर्वजन्म. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या वस्त्यांतून आला, तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितले गेले होते की तुमची जात हे तुमच्या मागल्या करणीचे फळ. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, तो याचसाठी की त्याच्या आडून समाज आणि राज्य गरिबांच्या दैन्याची जबाबदारी झटकतात. यिर्मयाचे वचन त्या सिद्धान्ताचे भावंड नाही. ते दासाला सुनावलेले नाही, दासाला परत धरून आणणाऱ्या धन्याला सुनावलेले आहे.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही देवाने दिलेली शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकुरांना ते पटले नाही; निसर्गातल्या उत्पाताची कारणे निसर्गातच शोधावीत, नाहीतर अंधश्रद्धेला बळ मिळते, असा त्यांचा आक्षेप फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये गांधीजींच्या उत्तरासह छापला गेला. गांधीजी स्वतःला त्या पापात धरत होते, हे त्यांचे मोठेपण. पण भूकंपात ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत अस्पृश्यही होते, आणि तिथे ठाकुरांचे म्हणणे मला मान्य करावेच लागते. येशूपुढेही असाच प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने सांगितले, आणि मग ऐकणाऱ्यांनाच मागे वळायला सांगितले. ईयोबाच्या मित्रांचा अपराधही हाच होता की दुसऱ्याच्या राखेत बसून त्यांनी त्याचे पाप शोधले.

यिर्मयाचे वेगळेपण असे की तो हे बोलला आणि त्याच लोकांत राहिला. त्याला हौदाच्या चिखलात उतरवले. एबद-मलेख नावाच्या कूशी माणसाने काखेत धरायला चिंध्या देऊन त्याला दोरांनी वर काढले. शहर पडल्यावर बाबेलच्या सरदाराने त्याला सन्मानाने बाबेलला येण्याची मोकळीक दिली, तर तो उरल्यासुरल्या गरिबांबरोबर थांबला. पुढे तेच लोक त्याचे न ऐकता मिसरला निघाले तेव्हा त्यालाही तहपन्हेसला घेऊन गेले.

या पुस्तकातले लेख प्रवचने नाहीत, आणि भाष्यही नाही. ज्यांनी बायबल कधी उघडले नाही त्यांना त्या काळात पाय ठेवता यावा आणि ज्यांना ते पाठ आहे त्यांना ते परके वाटावे, असा दुहेरी प्रयत्न इथे आहे. भूजलाचा उपसा, वेठबिगारी, घरातली हिंसा, चर्चच्या आतली जात हे विषय यात येतात, कारण वाईटपणाच वळण लावतो हे विधान तिथे आज डोळ्यांना दिसते. प्रत्येक लेखकाला एकच अट घातली होती : वचनातला ‘तू’ दुसरा कोणी आहे असे धरून लिहायचे नाही. सगळे एकमेकांशी सहमत नाहीत. कोख आणि मिलर यांच्यातला वाद इथेही चालू आहे, आणि तो मिटवण्याचा आग्रह मी धरला नाही. वाचकाला एक विनंती. पुस्तक हाती घेण्याआधी यिर्मयाचा दुसरा, तिसरा आणि चौथा अध्याय एका बैठकीत, मोठ्याने वाचावा. तासाभराचेही काम नाही. एकोणिसावे वचन तिथे ओघात येते आणि पुढे सरकते. तिसऱ्या अध्यायात ज्यांनी पाठ फिरवली त्या लेकरांनाच घरी बोलावले जाते, आणि चौथ्याच्या सुरुवातीला परत येण्याच्या अटी सांगितल्या जातात : सत्य, न्याय, नीती.